लिंक्स कोर्स निवडताना वाऱ्याची दिशा आणि सोडत दोन्ही बघा
स्कॉटलंडला लिंक्सवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या, वारं झेलणाऱ्या कोर्सवर गोल्फ खेळायला जाताय, तर सगळा बेत सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सभोवती बांधू नका. तिथली खेळायची वेळ अनेकांना सोडतीतूनच मिळते. नावं दोन दिवस आधी द्यावी लागतात आणि रविवारी कोर्स साधारणपणे बंदच. तीन-चार दिवस गावातच मुक्काम ठेवा, रोज नाव टाका आणि शेजारच्या न्यू कोर्सची वेळ आधीच पक्की करा. 1895 चा हा कोर्स कमी प्रतीचा मुळीच नाही.

मग कोर्सचा नकाशा बघा. नॉर्थ बर्विक गावच्या वेस्ट लिंक्स कोर्सवर अठरापैकी पहिले नऊ होल (खेळाचे टप्पे) गावापासून दूर जातात, उरलेले परत येतात. जाताना वारा पाठीशी असेल तर परतीला तो तोंडावर, आणि मग एरवीपेक्षा एक-दोन पायऱ्या जास्त लांब मारणारा क्लब (गोल्फची काठी) घ्यावा लागतो. म्युरफिल्ड कोर्सचे पहिले नऊ आणि नंतरचे नऊ होल एकमेकांच्या उलट दिशांनी फिरतात, त्यामुळे वारा सारखी बाजू बदलतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी नॉर्थ बर्विकच सुचवेन. तेराव्या होलवर ग्रीनच्या, म्हणजे खळगा असलेल्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, अगदी पुढ्यात दगडी भिंत आहे. तिच्यावरून चेंडू अलगद उतरवण्याचा आनंद काही औरच!

हँडिकॅपचा, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला जवळ असू द्या. कोर्सवर फिरायची छोटी गाडी, म्हणजे बग्गी, मिळेलच असं धरू नका, चालायची तयारी ठेवा.