घाणेरी उपटली, पुढे काय? परिसर-पुनरुज्जीवनात या चुका टाळा

आक्रमक वनस्पती हटवण्याच्या प्रकल्पांचे फोटो सगळीकडे सारखेच. ‘आधी’च्या फोटोत घाणेरीची अभेद्य जाळी, ‘नंतर’च्या फोटोत मोकळी जमीन आणि घामाघूम, हसरी माणसं. तीन वर्षांनंतरचा तिसरा फोटो सहसा कुणी काढत नाही. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका त्या न काढलेल्या फोटोतच दिसतात.

‘परकी आहे, म्हणजे काढलीच पाहिजे’

आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरराष्ट्रीय मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार, माणसामुळे नव्या प्रदेशात जाऊन रुजलेल्या परक्या प्रजाती ३७,००० हून जास्त आहेत. त्यांतल्या अपायकारक, म्हणजे खऱ्या अर्थाने आक्रमक, ३,५०० च्या आसपास. साधारण दहात एक. पण या दहाव्या प्रजातीचा हात मोठा आहे: जगात नोंदल्या गेलेल्या प्रजातिनाशांपैकी ६० टक्क्यांमध्ये आक्रमक प्रजाती एकट्याने किंवा इतर कारणांच्या जोडीने जबाबदार ठरल्या आहेत.

म्हणून यादीतलं प्रत्येक परकं नाव घेऊन कोयता उचलण्यात अर्थ नाही. ती किती वेगाने पसरते आहे, कोणाची जागा खाते आहे, आणि आपण थांबवू शकू इतकी ती अजून थोडी आहे का, हे तीन प्रश्न आधी. माझा अनुभव असा की लोक सर्वांत दाट जाळीपासून सुरुवात करतात, कारण तिथे काम ‘दिसतं’. खरं तर दूरवर नुकती उगवलेली चार झुडपं आधी काढावीत. पुढचं रान तीच तयार करणार असतात.

दुसरी गफलत म्हणजे लक्षणालाच कारण समजणं. तळ्यात सांडपाणी येतं, त्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस खाऊन जलपर्णी फोफावते. आपण यंत्र लावून जलपर्णी काढतो आणि सांडपाणी तसंच येत राहतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अनुकूल परिस्थितीत ही वनस्पती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. यंत्राने या शर्यतीत कसं जिंकावं?

‘तोडली, तर दुप्पट उगवली’

सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. कारण साधं आहे. घाणेरी किंवा वेडी बाभूळ जमिनीलगत तोडली की खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या भागातले सुप्त डोळे जागे होतात. एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात. आपण तिची छाटणी करून दिलेली असते, एवढंच.

घाणेरीसाठी भारतात विकसित झालेली एक पद्धत चांगली चालते. मुख्य मूळ जमिनीच्या तीन ते पाच सेंटिमीटर खाली तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून, मुळं आकाशाकडे ठेवून, वाळू द्यायचं. मूळ मातीला टेकलं तर ते पुन्हा धरतं. जेसीबीने सरसकट उपटणं वेगवान वाटतं, पण त्यात माती उलथली जाते आणि खाली वर्षानुवर्षं पडून असलेलं बी उजेडात येतं.

आणि खरी डोकेदुखी या बियांचीच. गाजरगवताचं एक झाड पंधरा हजारांवर बिया टाकू शकतं. जलपर्णीचं बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहतं. म्हणजे झाड संपलं तरी बीजसाठा शिल्लक. म्हणून काम फळं धरण्याच्या आधी उरकावं. नंतर दर पावसानंतर कोवळी रोपं उपटायला परत यावं, आणि उरलेल्या मोठ्या झाडांच्या खाली आवर्जून बघावं. पक्षी फळं खाऊन तिथेच बसतात आणि विष्ठेतून बी टाकतात.

इथे पैशाची मांडणी आडवी येते. निधी बहुधा पहिल्याच वर्षी, तोडणीवर संपतो. प्रस्ताव लिहितानाच किमान अर्धी रक्कम दुसऱ्या वर्षापासूनच्या फेऱ्यांसाठी बाजूला काढावी. ते जमत नसेल तर क्षेत्र निम्मं करावं. शंभर हेक्टर एकदा साफ करण्यापेक्षा वीस हेक्टर पाच वर्षं राखणं मी कधीही पसंत करेन. अनुदान देणाऱ्यांना शंभराचा आकडा आवडतो, हे खरं.

‘एक गेली, दुसरी बोकाळली’

घाणेरी हटवलेल्या जागेत रानमोडी किंवा गाजरगवत येणं नेहमीचंच. रिकामी जमीन निसर्गात रिकामी राहत नाही. तिथे काय यावं हे आपण ठरवलं नाही, तर शेजारच्या बांधावरचं तण ठरवतं. स्थानिक गवतांचं बी आधीच गोळा करून ठेवलेलं हवं. तोडणी झाल्यावर बियाण्याची शोधाशोध सुरू करणारे प्रकल्प एक हंगाम फुकट घालवतात.

प्राण्यांच्या बाबतीत हिशेब आणखी गुंतागुंतीचा. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटावर समुद्रपक्षी वाचवण्यासाठी मांजरं हटवली गेली. २००० सालापर्यंत ती संपली. पण ससे भरमसाट वाढले आणि त्यांनी उतारांवरची वनस्पती खरवडून काढली. वाढीत मांजरांच्या जाण्याचा वाटा किती आणि सशांवर सोडलेला विषाणू निष्प्रभ होण्याचा किती, यावर शास्त्रज्ञांचे वाद झाले. शेवटी ससे, जहाजी उंदीर आणि घरउंदीर एकत्रच हटवावे लागले आणि २०१४ मध्ये बेट मुक्त जाहीर झालं. कोण कोणाला खातं याचा कच्चा आराखडा आधी कागदावर काढला असता, तर मधली वर्षं वाचली असती.

कधी कधी नकोशी वनस्पतीच कुणाचं तरी घर झालेली असते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला नदीकाठच्या टॅमॅरिस्क या परक्या झुडपावर २००१ पासून पानं खाणारा भुंगेरा सोडला. पण विलो ही स्थानिक झाडं आधीच कमी झाल्यामुळे विलो फ्लायकॅचर या पक्ष्याची संकटग्रस्त उपजात टॅमॅरिस्कवरच घरटी करत होती. २०१० मध्ये सरकारला भुंगेरे सोडणं थांबवावं लागलं. आधी विलो वाढवायचे, मग टॅमॅरिस्क टप्प्याटप्प्याने काढायचं, असा क्रम हवा होता.

‘शत्रूचा शत्रू’ सोडताना

उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये केन टोड हा विषारी बेडूक आणला. अळ्या मातीत, भुंगेरे उसाच्या शेंड्यावर आणि बेडूक मधोमध जमिनीवर, अशी गत झाली. त्याला खाऊन मात्र स्थानिक शिकारी प्राणी विषबाधेने मेले. हवाईत १९५५ मध्ये आफ्रिकी गोगलगायींवर शिकारी गोगलगाय सोडली. तिने स्थानिक वृक्ष-गोगलगायी फस्त केल्या. दोन्हीकडे चूक एकच: काहीही खाणारा प्राणी निवडला.

एकाच यजमानावर, म्हणजे एकाच प्रकारच्या वनस्पतीवर, जगणारा कीटक पुष्कळ सुरक्षित. तरीही ‘सुरक्षित’ कुठे, हे विचारावं लागतं. कॅक्टोब्लास्टिस पतंगाने ऑस्ट्रेलियात फड्या निवडुंगाचं प्रचंड क्षेत्र मोकळं केलं, कारण तिथे स्थानिक निवडुंग नव्हतेच. तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियन बेटांवर सोडला आणि १९८९ मध्ये तो फ्लोरिडात आढळला. तिथे निवडुंग स्थानिक आहेत, आणि आता धोक्यात.

मोकळा माळ दिसला की झाडं

माळरान हे मेलेलं जंगल नव्हे. जिथे ऊन हवं असलेली गवतं, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत, तिथे खड्डे खणून रोपं लावणं हेसुद्धा आक्रमणच. जुने नकाशे, जमिनीतले गवतांचे कंद, गुराख्यांच्या आठवणी तपासल्याशिवाय कुदळ चालवू नये.

आकडे फसवतात तेव्हा

काम सुरू होण्याआधीची नोंद नाही आणि शेजारी न छेडलेला तुलनेचा भूखंड नाही, ही संशोधनातली सर्वांत महागडी चूक. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळीकडेच हिरवं वाढतं; तुलना नसेल तर श्रेय आपण घेतो.

प्रजातींची नुसती संख्याही दिशाभूल करते. साफ केलेल्या जागेत पहिल्या वर्षी किरकोळ तणं भरपूर येतात आणि यादी लांबते. कोण आलं ते लिहा, फक्त किती आले ते नको. आधी दोन तास आणि नंतर सहा तास फिरून केलेल्या याद्यांची तुलना तर करूच नका.

‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाही’ असंही नव्हे. एखादा प्राणी एका फेरीत दिसण्याची शक्यता २० टक्के असेल, तर तीन फेऱ्यांनंतरही तो असूनही न दिसण्याची शक्यता ५१ टक्के उरते. उच्चाटन झालं असं जाहीर करण्याआधी हा गुणाकार करून बघावा.

आणि तो तिसरा फोटो: नोंदीसाठी आखलेल्या चौकटीच्या कोपऱ्यात लोखंडी खुंटी ठोका, कॅमेऱ्याची उंची आणि दिशा वहीत लिहा, दर वर्षी त्याच आठवड्यात तिथेच उभे राहा. खुंटीला गडद रंग द्या. तिसऱ्या वर्षी ती गवतात सापडत नाही.