डेटाबेसमध्ये रकमा साठवताना डेटा टाइप कसा निवडावा

रकमेच्या कॉलमला फ्लोट किंवा डबल हा टाइप कधीही देऊ नये. हे टाइप संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ या अंकांत, साठवतात. एक तृतीयांश ही संख्या दशांशात कितीही अंक लिहिले तरी जशी पुरी होत नाही, तशी एक दशांश ही संख्या द्विमानात पुरी होत नाही. म्हणून आपण ०.१ लिहितो, पण साठते ती तिच्या अगदी जवळची वेगळी संख्या. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते.

एवढ्या सूक्ष्म फरकाने काय बिघडते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. १.००५ ही संख्या डबलमध्ये १.००४९९९९… अशी साठते, त्यामुळे पायथनमध्ये तिचे दोन दशांश स्थळांपर्यंत राउंडिंग केले की १.०१ ऐवजी १.० मिळते. सूक्ष्म फरक येथे सर्वांत लहान नाण्याएवढा झाला, आणि जमा व नावे यांच्या बेरजा जुळल्याच पाहिजेत अशा हिशेबात तेवढाही फरक चालत नाही.

योग्य निवड म्हणजे दशांश अंक जसेच्या तसे साठवणारे डेसिमल किंवा न्यूमेरिक हे टाइप. त्यात एकूण अंक आणि दशांश स्थळे या दोन्ही मर्यादा स्वतः लिहाव्यात. नुसते डेसिमल लिहिले तर मायएसक्यूएल हा डेटाबेस त्याचा अर्थ (१०,०) आणि एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस (१८,०) असा घेतो. मायएसक्यूएलच्या अशा कॉलममध्ये १२.७५ घातले तर १३ साठते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दशांश स्थळे ठरवून दिली असतील, तर जादा स्थळे कोणतीही सूचना न देता राउंड होतात, म्हणून राउंडिंग कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या नियमाने करायचे, हे आधी ठरवून ते आपल्या कोडमध्ये उघडपणे करावे.

बहुतेक कामांना (१९,४) पुरते. आयएसओ ४२१७ या मानकानुसार येनला दशांश स्थळ नाही, कुवेती दिनारला तीन आहेत आणि बहुतेक चलनांना दोन. रकमेशेजारीच तीन अक्षरी चलन संकेताचा कॉलम हवा आणि तो रिकामा राहू देऊ नये, कारण चलनाशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. विनिमय दर ही रक्कम नव्हे. त्याला स्वतंत्र कॉलम आणि अधिक दशांश स्थळे द्यावीत.

मनी हा तयार टाइप नावामुळे मोह घालतो, पण मी तो टाळण्याचाच सल्ला देईन. पोस्टग्रेसमध्ये त्याची दशांश स्थळे सर्व्हरच्या लोकेल (देश-भाषेच्या) सेटिंगवर अवलंबून असतात, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये मनी टाइपच्या १ ला ३ ने भागून पुन्हा ३ ने गुणले की ०.९९९९ उरते.

रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून साठवणे हा दुसरा चांगला मार्ग आहे. एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये तोच धरावा, कारण तेथे कॉलमला डेसिमल म्हटले तरी अपूर्णांक फ्लोटिंग पॉइंट म्हणूनच साठतो. इतर डेटाबेसमध्ये मात्र त्यासाठी बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांचा टाइपच घ्यावा. साधा इंट हा पूर्णांकाचा टाइप २,१४,७४,८३,६४७ वर संपतो, म्हणजे दोन दशांश स्थळांच्या चलनात २,१४,७४,८३६.४७ एवढ्यावरच.

भागाकाराचा प्रश्न मात्र कोणताही टाइप सोडवत नाही. १०० चे तीन समान भाग केले तर ३३.३३ तीनदा येऊन ०.०१ उरतो. तो कोणत्या भागात घालायचा याचा नियम ठरवावा आणि झालेली वाटणी टेबलात साठवावी. दर वेळी नव्याने मोजू नये.

डेटाबेसमधून बाहेर पडल्यावरही ही काळजी सुटत नाही. जावामध्ये बिगडेसिमल आणि पायथनमध्ये डेसिमल हे अचूक दशांश साठवणारे टाइप वापरावेत. जेसन या माहिती देवाणघेवाणीच्या मजकूर-स्वरूपातून रक्कम स्ट्रिंग (मजकूर) म्हणून पाठवावी, कारण जावास्क्रिप्ट जेसनमधील प्रत्येक संख्या डबल म्हणून वाचते आणि कॉलममध्ये जपलेली अचूकता तेथे हातची जाते.