तलंगा अंड्यावर यायच्या आधी काय काय आणून ठेवायचं

तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) पंधरा-सोळा आठवड्यांच्या झाल्यात ना, मग आधी जाड ग्रिट, म्हणजे बारीक खडे, आणा. चुनखडीचा किंवा शिंपल्याचा, दोन ते चार मिलिमीटरचा. पावडर नाही, जाड. दुकानदार म्हणेल कॅल्शियम ते कॅल्शियमच, ऐकू नका.

कवच बनतं मुख्यतः रात्री, कोंबडी झोपलेली असताना. पावडर तोवर पुढे सरकून जाते, जाड खडा मात्र पेटारीत (दाणे दळणाऱ्या पोटात) अडकून सावकाश विरघळत राहतो. तो नसला की कॅल्शियम हाडांतून ओढलं जातं, आधी कवच कागदासारखं होतं आणि मग कोंबडी पायावर बसते. मागच्या बॅचला डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), टॉनिक, व्हिटॅमिन सगळं भरून ठेवलं होतं, नेमका जाड ग्रिट तेवढा राहिला.

हिशोब सोपाय. एका कोंबडीला रोज साधारण चार ग्रॅम कॅल्शियम लागतं, चुनखडीत ते अंदाजे ३८ टक्के, म्हणजे खाद्य घरी बनवत असाल तर शंभर पक्ष्यांना रोज किलोभर चुनखडी धरा आणि त्यातली निम्म्याहून जास्त जाड. तयार लेअर फीड (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) असेल तर त्यात कॅल्शियम आधीच असतं, वर परत पावडर ओतू नका, ग्रिट वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल. आणि हे भांडं दुपारनंतर भरलेलं पाहिजे, सकाळी भरून संध्याकाळी रिकामं दिसलं तर काय उपयोग?

डोलोमाइटचा दगड नको, मॅग्नेशियम जास्त असतं, हगवण लागते. लेअर फीड लहान पिल्लांना तर अजिबात नको, किडन्या जातात, गाऊट (अंगात युरिक आम्ल साचणं) होतो, आणि तो मागाहून सुधारत नाही. अंड्यावर यायच्या आधीचे दोनेक आठवडे प्री-लेअर खाद्य, त्यात कॅल्शियम दोन-अडीच टक्के, बास.

फॉस्फरससाठी डीसीपी. मिनरल मिक्स्चर पोल्ट्रीचंच घ्या, मँगनीज-झिंक बघून, गोठ्यात गाईची बॅग पडलीये म्हणून तीच ओतू नका. मीठ आलंच, पण सुकट घालत असाल तर तिच्यातलं मीठ धरून कमी करा. व्हिटॅमिन डी-३ नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही, ते ज्यात असतं त्या प्रीमिक्सवर (खाद्यात मिसळायच्या व्हिटॅमिनच्या मिश्रणावर) तारीख बघा. बॅगा जमिनीवर नको, फळीवर. पाणी, उजेड, खुराडी तुम्हाला माहितीये.

ग्रिट आणला का? जाड?