सन ऑफ सॅम केसमध्ये मारेकरी खरंच एकटाच होता का, हे स्वतः कसं तपासायचं

१९७६-७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोणीतरी रात्री तरुण मुलामुलींवर गोळ्या झाडत होतं आणि पत्रांत स्वतःला "सन ऑफ सॅम" म्हणवत होतं, त्यात पकडला गेला डेव्हिड बर्कोविट्झ. या केसवर काहीही बघा किंवा ऐका, शेवटी गाडी एकाच प्रश्नावर येऊन थांबते की तो एकटा होता का? मग आपण थिअऱ्या वाचत सुटतो आणि हाती काही लागत नाही, कारण पोलिसांचे स्केच, पत्रं, सैतानी पंथ, कुत्रा, पार्किंगचं तिकीट असं सगळं एकत्र कालवून वाचलेलं असतं. ही शंका तपासायची एक पद्धत मी वापरतो ती इथे सांगतो, वेळ लागतो पण उपयोग होतो.

आधी एक तक्ता काढा, कागदावर किंवा एक्सेलमध्ये, कशातही चालेल. प्रत्येक गोळीबाराला एक ओळ. २९ जुलै १९७६ ब्राँक्स, २३ ऑक्टोबर फ्लशिंग (क्वीन्स), २७ नोव्हेंबर परत क्वीन्समध्येच, ३० जानेवारी १९७७ आणि ८ मार्च हे दोन्ही फॉरेस्ट हिल्स (तेही क्वीन्स), १७ एप्रिल ब्राँक्स, २६ जून बेसाइड (क्वीन्सच), ३१ जुलै ब्रुकलिन. आठ घटना, सहा जणांचा जीव गेला, सात जखमी, त्यातली एक मुलगी कायमची अपंग झाली आणि एका मुलाची दृष्टी जवळपास गेली. रकाने असे करा: उजेड किती होता, साक्षीदार किती अंतरावर होता, त्याने किती वेळ पाहिलं, त्याच रात्री काय सांगितलं, आणि सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा रकाना, की कबुलीजबाब बाजूला ठेवला तर बर्कोविट्झला या घटनेशी जोडणारं काय उरतं. हा रकाना भरताना घाम फुटतो, आणि ही केस खरी तिथेच कळायला लागते.

कारण या केसचा खटला चाललाच नाही. ८ मे १९७८ ला त्याने गुन्हा कबूल केला, जूनमध्ये प्रत्येक खुनासाठी २५ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा झाली, संपलं. ना साक्षीदारांची उलटतपासणी झाली ना बॅलिस्टिक तज्ज्ञाला कोणी आडवे प्रश्न विचारले. त्यामुळे कोणी म्हणालं की कोर्टात सिद्ध झालंय, तर त्याला एवढं नक्की सांगा की कोर्टाने कबुली स्वीकारली, पुरावा तासून बघायची वेळच आली नाही. पण हेच उलट बाजूलाही लागू आहे, शंका घेणाऱ्यांचे दावेसुद्धा कोर्टात कधी तासले गेले नाहीत.

आता प्रश्नाचे तुकडे करा, लोक इथेच घसरतात. "एकटा नव्हता" या एका वाक्यात तीन वेगळे आरोप असतात. एखाद्या घटनेत गोळी दुसऱ्याच कोणी झाडली, हा एक. गोळी त्यानेच झाडली पण सोबत कोणी पाळत ठेवायला किंवा गाडी चालवायला होतं, हा दुसरा. आणि कोणाला तरी सगळं माहीत होतं किंवा पत्रं लिहायला मदत झाली, हा तिसरा. तिन्हींना लागणारा पुरावा वेगळा आहे. पत्रातल्या एखाद्या विचित्र नावावरून तिसऱ्याबद्दल शंका येऊ शकते, पण त्याच नावावरून थेट पहिल्यावर उडी मारता येत नाही. प्रत्येक शंकेसमोर एक, दोन की तीन ते लिहा, अर्ध्या शंका तिथेच बारीक होतात.

मग बंदूक. चार्टर आर्म्स कंपनीचं .४४ कॅलिबरचं बुलडॉग रिव्हॉल्वर, पाच गोळ्यांचं. रिव्हॉल्वरमध्ये रिकाम्या पुंगळ्या चक्रातच राहतात, पिस्तुलासारख्या बाहेर उडून पडत नाहीत, त्यामुळे पोलिसांच्या हाती मुख्यतः गोळ्याच, आणि त्याही हाडाला किंवा गाडीच्या पत्र्याला लागून चेपलेल्या. बॅरलच्या आतल्या आट्यांच्या खुणा अशा गोळीवर नीट मिळतीलच असं नाही. १० मार्च १९७७ च्या पत्रकार परिषदेत पोलीस कमिशनरने पहिल्या आणि पाचव्या घटनेतली बंदूक एकच असल्याचं ठामपणे सांगितलं, पण नंतर बाहेर आलेल्या कागदांवरून दिसतं की दाट संशय होता, पक्की जुळणी नव्हती. हे तक्त्यात जसंच्या तसं लिहा, "तीच बंदूक" असं नको आणि "वेगळी बंदूक" असं तर अजिबात नको. शिवाय बंदूक एक असली तरी हात एकच होता हे आपोआप ठरत नाही. पण मग जो म्हणतो की तीन-चार जण आलटून पालटून मारत होते, त्याने ही एक बंदूक हातोहात कशी फिरली आणि शेवटी बर्कोविट्झकडेच कशी सापडली हे सांगायला हवं.

साक्षीदारांच्या वर्णनांवरून पोलिसांनी काढलेल्या स्केचबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं आणि मला वाटतं सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात. साक्षीदारांची वर्णनं एकमेकांशी जुळत नाहीत हे खरंच आहे, कुठे काळे कुरळे केस, कुठे सोनेरी, आणि पोलिसांनी तेव्हा विगचा तर्क लढवला होता, तो मला पटत नाही कारण तो कशालाही लावता येतो. पण दोन स्केच वेगळे म्हणजे दोन माणसं, असंही होत नाही. समोर बंदूक रोखलेली असताना नजर चेहऱ्यापेक्षा बंदुकीवर जाते, रात्रीच्या उजेडात केसांचा रंग भलताच दिसतो, आणि अमेरिकेत डीएनए चाचणीने निर्दोष सुटलेल्यांच्या निम्म्याहून जास्त केसमध्ये साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखलेला होता. म्हणून स्केच शेजारी शेजारी लावून बघत बसू नका, साक्षीदाराचं त्या रात्रीचं पहिलं बोलणं शोधा, पेपरात स्केच छापून आल्यानंतरच्या जबानीला कमी वजन द्या.

आता शेवटच्या रात्रीचा टाइमलाइन नीट मांडून बघा, कारण बर्कोविट्झ सापडला तो याच रात्रीमुळे. ३१ जुलै १९७७, ब्रुकलिनचा बाथ बीच भाग. त्याची फोर्ड गॅलक्सी फायर हायड्रंटजवळ उभी होती म्हणून पोलिसांनी रात्री दोनच्या जरा नंतर तिकीट लावलं, गोळीबार झाला अडीचच्या सुमारास. कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका बाईने त्या भागात एक माणूस पाहिला आणि चार दिवसांनी पोलिसांना सांगितलं, त्यातून तिकिटं तपासली गेली आणि १० ऑगस्टला याँकर्समध्ये त्याच्या बिल्डिंगबाहेर त्याला पकडलं. शंका घेणारे म्हणतात की बाईचा चालायचा रस्ता आणि वेळ धरली तर बर्कोविट्झ गोळीबार झाला त्या पार्कपर्यंत वेळेत पोचूच शकत नाही. आता यातल्या प्रत्येक वेळेसमोर लिहा की ती आली कुठून. तिकिटावरची वेळ लिहिलेली आहे. गोळीबाराची वेळ मिनिट-दोन मिनिटं इकडे तिकडे. बाईची वेळ आठवणीतली, चार दिवसांनंतरची. लिहिलेली वेळ पक्की धरा, आठवणीतल्या वेळेला दोन्ही बाजूंना दहा दहा मिनिटं सूट द्या आणि परत बघा, "पोचूच शकत नाही" बऱ्यापैकी सैल पडतं. मात्र जवळच गाडीत बसलेल्या एका तरुणाने रस्त्याच्या दिव्याखाली मारेकऱ्याला पाहिलं होतं आणि त्याने सांगितलेले केस बर्कोविट्झच्या केसांशी जुळत नाहीत. ही शंका मी आजही खोडलेली नाही.

कबुलीजबाब तपासताना तारखांचा क्रम लावा. अटकेनंतर पहाटे जेमतेम अर्ध्या तासाच्या चौकशीत सगळं कबूल, कारण काय तर सॅम कार नावाच्या शेजाऱ्याच्या कुत्र्यात शिरलेला राक्षस हुकूम देत होता. १९७९ मध्ये तोच म्हणाला की राक्षसाची गोष्ट बनाव होती. १९९३ मध्ये म्हणाला की मी फक्त ब्राँक्सच्या दोन घटनांतले तिघं मारले, बाकीचे माझ्या सैतानी पंथातल्या इतरांनी. एवढ्या वेळा बोलणं फिरवणाऱ्याच्या कुठल्याही एका वाक्यावर इमला बांधू नका, मग ते आपल्याला आवडणारं वाक्य का असेना. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात सैतानी पंथांची भीती टिपेला होती आणि एफबीआयच्या केनेथ लॅनिंगने १९९२ च्या अहवालात लिहिलं की संघटित सैतानी खुनांना आधार देणारा पुरावा सापडत नाही, तेही त्याच पानावर लिहून ठेवा. पण तो पॅरोलसाठी खोटं बोलतो असं सोपं उत्तरही नको, कारण २००२ मध्ये पहिली सुनावणी आली तेव्हा त्याने स्वतः गव्हर्नरला ती रद्द करा असं कळवलं होतं.

सॅम कार या शेजाऱ्याच्या दोन मुलांची नावं या थिअरीत कायम येतात. मोठा फेब्रुवारी १९७८ मध्ये नॉर्थ डकोटात गोळी लागून गेला, धाकटा ऑक्टोबर १९७९ मध्ये मॅनहॅटनमध्ये गाडीच्या अपघातात. शिवाय पत्रकार जिमी ब्रेस्लिनला आलेल्या पत्रात "जॉन व्हीटीज" असं नाव आहे आणि मोठ्या मुलाचं नाव जॉन होतं. ऐकून अंगावर काटा येतो हे कबूल, पण दोघांवर कधी आरोपपत्रसुद्धा दाखल झालेलं नाही आणि ते उत्तर द्यायला हयात नाहीत, त्यामुळे ही नोंद तिसऱ्या प्रकारात टाका आणि कोणालाही खुनी म्हणून मोकळे होऊ नका.

सगळं झालं की एक तुलना करा, ती मला सगळ्यात उपयोगी वाटते. ऑक्टोबर २००२ चे वॉशिंग्टन भागातले स्नायपर हल्ले घ्या. तिथे सगळे एकट्या गोऱ्या माणसाच्या आणि पांढऱ्या व्हॅनच्या मागे होते, निघाले दोघं, जॉन मुहम्मद आणि ली मालवो, तेही निळ्या शेव्हरले कॅप्रिसमध्ये, म्हणजे एकट्याची थिअरी साफ चुकू शकते. पण दोघं होते हे ठरलं कशावरून ते बघा. अलाबामातल्या जुन्या गुन्ह्याच्या जागी मालवोचा ठसा, आतून गोळी झाडायला डिकीला पाडलेलं भोक, गाडीत रायफल, आणि दोघं त्याच गाडीत झोपलेले सापडले. आणि तिथेही मालवोने आधी सगळे गोळीबार स्वतःवर घेतले आणि नंतर बोलणं बदललं, म्हणजे दोघं हातात असतानाही कोणी किती झाडल्या ते नुसत्या कबुलीतून कळलं नाही.

हे माप सन ऑफ सॅमला लावलं की दुसऱ्या माणसाच्या नावाने ना ठसा, ना बंदूक, ना गाडी. १९७९ मध्ये क्वीन्सचे सरकारी वकील जॉन सांतुची यांनी फाइल परत उघडली, १९९६ मध्ये याँकर्स पोलिसांनी उघडली, आरोप कोणावरच ठेवला गेला नाही. माझ्या तक्त्यात ब्राँक्सच्या दोन्ही ओळी बंद आहेत. ब्रुकलिनची ओळ बर्कोविट्झच्याच नावावर आहे पण त्या तरुणाच्या साक्षीमुळे समोर प्रश्नचिन्ह ठेवलंय. क्वीन्सच्या ओळींत तो असल्याचीच शक्यता मला जास्त वाटते, पण नोव्हेंबर १९७६ च्या वर्णनांमुळे ती ओळ मी पेन्सिलनेच भरलेली आहे, आणि त्या दिवशी जिवंत राहिलेल्या दोन्ही मुलींच्या पहिल्या जबान्या पूर्ण स्वरूपात वाचायला मिळेपर्यंत ती तशीच राहील.