गाडीतून गावाचा नकाशा: जीपीएस घेऊन गल्ल्या कशा टिपाव्यात

मोठ्या शहराचा नकाशा भरायला हात पुष्कळ असतात. छोट्या गावाचं तसं नसतं. मुख्य रस्ता ठळक दिसतो, आतल्या गल्ल्या एक तर नसतातच, नाहीतर निनावी पडून असतात. ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भरता आणि वापरता येणारा नकाशा स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू केला. त्यात अशा गावाची भर घालायला एक गाडी, दोन माणसं आणि एक मोबाइल पुरतो.

निघण्याआधी

त्या भागाचा आज आहे तो नकाशा कागदावर छापून घ्या. मोठे रस्ते, नदी, रेल्वेमार्ग यांच्या आधारे पेन्सिलीने गावाचे तुकडे पाडा आणि एका फेरीत एकच तुकडा घ्या. जी गल्ली फिरून झाली ती लगेच रंगवायची. हे केलं नाही तर दुसऱ्या तासाला आपण कुठे जाऊन आलो हेच आठवत नाही.

मोबाइलवर ट्रॅक, म्हणजे गाडी गेली त्या वाटेवरच्या बिंदूंची माळ, नोंदवणारं अ‍ॅप घ्या. ओस्मअँड किंवा ओएसएमट्रॅकर चालेल. नोंद दर सेकंदाला एक बिंदू अशी ठेवा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात १० मीटर जाते. बिंदू पाच सेकंदांनी पडला तर मध्ये ५० मीटर निघून जातात आणि वळण कापलं जातं. बिंदू जवळच्या रस्त्यावर ओढून घेण्याची सोय अ‍ॅपमध्ये असेल तर ती बंद करा. रस्ता नकाशावर नाही म्हणून तर आपण आलोय. बॅटरी वाचवणारी सेटिंगही बंद करा, नाहीतर स्क्रीन विझली की नोंद थांबू शकते. फोन खिशात नको, डॅशबोर्डवर काचेजवळ पक्का बसवा आणि मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटं थांबून मगच निघा.

चांगला मोबाइल उघड्यावर साधारण ५ मीटरपर्यंत अचूक जागा सांगतो. २ मे २००० पूर्वी हे शक्यच नव्हतं. तोवर अमेरिका नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा १०० मीटरपर्यंत सरकायची. ती चूक काढून टाकली गेली आणि सामान्य माणसाला गल्लीची रेघ काढता येऊ लागली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

रस्त्यावर

गाडी चालवणाऱ्याने फक्त गाडी चालवायची. नोंदी, फोटो, कागद सगळं शेजारच्याकडे. या नियमाला अपवाद नाही.

वेग २०-३० च्या आसपास ठेवा आणि प्रत्येक गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरा. बंद गल्लीतही शेवटपर्यंत जा, ती नेमकी कुठे संपते ते तुम्हाला नोंदवायचं आहे. मध्ये दुभाजक असेल तर दोन्ही बाजू स्वतंत्र फिरा. गाडी उभी राहिली की बिंदू एकाच जागी इकडेतिकडे उड्या मारतात आणि ट्रॅकवर दोऱ्याचा गुंता झाल्यासारखं दिसतं. बोलायला थांबणार असाल तर नोंदही थांबवा. उंच इमारती आणि दाट झाडी असेल तिथे रेघ वाकडी येतेच, तिथून दोन-तीन फेऱ्या मारा.

नोंदीसाठी लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं. रेकॉर्डर चालू ठेवून वेळ सांगायची आणि पुढे: ‘डावीकडे शाळेचं फाटक, उजवीकडे गल्ली सुटते, पाटीवर नाव असं.’ डावं-उजवं गाडीच्या दिशेने धरायचं. नाव पाटीवर जसं लिहिलंय तसं अक्षर-अक्षर वाचा. शक्य असेल तिथे पाटीचा फोटोच काढा. कॅमेरा वेगळा असेल तर पहिला फोटो मोबाइलवर दिसणाऱ्या जीपीएसच्या घड्याळाचा घ्या. घरी जॉसममध्ये (ओपनस्ट्रीटमॅप भरण्याचा संगणकावरचा प्रोग्राम) त्यावरून वेळेतला फरक काढला की सगळे फोटो ट्रॅकवर आपापल्या जागी बसतात.

एकदा उपग्रहाच्या चित्रात सरळ दिसणाऱ्या एका गल्लीत आम्ही शिरलो. मधोमध छातीएवढी भिंत होती. वरून पाहणाऱ्याला ती झाडाची सावली वाटली असती. घरबसल्या ती रेघ अखंड ओढली गेली असती आणि पुढे कधीतरी एखादी रुग्णवाहिका त्या भिंतीपाशी येऊन थबकली असती. आम्ही परत फिरलो, वळसा घालून पलीकडून आलो आणि दोन बंद गल्ल्या नोंदवल्या. गाडी घेऊन जाण्याचं खरं कारण मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर, त्याच दिवशी

अ‍ॅपने ट्रॅक जतन केलेली जीपीएक्स फाइल उघडा. तुमच्या घरापासूनचा सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा कापून टाका आणि मग अपलोड करा. आता जॉसम किंवा ब्राउझरमधल्या आयडी एडिटरमध्ये ट्रॅकवर रस्ता काढा. ट्रॅकचा प्रत्येक थरथराट गिरवू नका. दोन-तीन फेऱ्यांच्या मधून शांत रेघ जाऊ द्या. एडिटरमध्ये खाली दिसणारं हवाई चित्र कित्येकदा काही मीटर सरकलेलं असतं, म्हणून आधी अनेक ट्रॅकशी जुळवून ते जागेवर आणा.

सगळ्यात जास्त चुका चौकात होतात. दोन रेघा एकमेकींवरून नुसत्या गेल्या आणि दोघींचा मिळून एक बिंदू नसेल, तर मार्ग शोधणाऱ्या प्रोग्रामला तिथे वळताच येत नाही. उलट पुलावरचा आणि पुलाखालचा रस्ता जोडायचा नसतो. एकेरी रस्त्याची रेघ वाहतुकीच्या दिशेनेच काढा. रस्त्याचा प्रकार ठरवताना रुंदीपेक्षा वापर पाहा: घरांपुरता आहे की गावाला गावाशी जोडणारा?

नाव फक्त पाटीवरून किंवा तिथे राहणाऱ्यांना विचारून भरा. दुसऱ्या कंपनीच्या नकाशातून उचलू नका, तो त्यांचा हक्क आहे. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून खुल्या डेटाबेस परवान्याखाली आहे. उसनं आणलेलं एक नावसुद्धा ते सगळं अडचणीत आणू शकतं. नाव कळलं नाही तर जागा रिकामी ठेवा. बदल जतन करताना काय केलं ते एका ओळीत लिहा आणि माहितीचा स्रोत ‘प्रत्यक्ष पाहणी’ असल्याचं नोंदवा.

जिथे खात्री नाही, म्हणजे पाटी पुसलेली, फाटक बंद, एकेरीची खूण फक्त एका टोकाला, तिथे नकाशावरच टीप टाकून ठेवा. कागदावर न रंगवलेल्या गल्ल्या आणि या टिपा पुढच्या फेरीला सोबत न्या.