काच धुण्याचा धंदा करायचाय? पोल नंतर घ्या, आधी पाणी मोजा

कोल्हापुरात आता काचेच्या बिल्डिंगा लई झाल्यात, ताराबाई पार्क बघा, राजारामपुरी बघा, शोरूम, हॉटेल, हॉस्पिटल सगळ्यांना समोरनं काच पायजे. त्यामुळं वॉटर फेड पोल, म्हणजे टोकाला ब्रश आणि पाण्याचा पाइप असलेली लांब काठी, घेऊन धंदा सुरू करावा म्हणणारी बरीच पोरं भेटतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, किती फुटाचा घेऊ? भावांनो, लांबी सगळ्यात शेवटी ठरवायची, पैसा आधी पाण्यावर घाला.

कारण या पद्धतीत काच पुसतच नाहीत. ब्रशनं घासायची, वरनं पाणी सोडायचं आणि तशीच वाळू द्यायची, वायपर नाही की फडकं नाही. म्हणजे पाण्यात जे विरघळलेलं आहे ते सगळं काचेवरच बसणार. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, 300 टीडीएसच्या एक लिटर पाण्यात साधारण 300 मिलिग्रॅम क्षार असतात, पाणी उडून जातं, क्षार कुठं जाणार? घरी करून बघा, गाडीच्या आरशावर एक थेंब बोअरचा, एक नळाचा आणि एक बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा ठेवा आणि आरसा उन्हात राहू द्या. बोअरच्या थेंबाची पांढरी कड उठते, नखानं खरवडली तर पीठ निघतं, आणि तिसरा थेंब कुठं ठेवला होता तेच सापडत नाही.

मी सुरुवातीला एका हॉटेलची तीन मजली काच त्यांच्याच बोअरच्या पाण्यानं धुतली होती. संध्याकाळी चकाचक दिसत होती, सकाळी ऊन पडलं आणि मालकाचा फोन आला, सगळ्या काचेवर पांढरे ठिपके. शिडी लावून हातानं पुन्हा काढावं लागलं, दोन दिवस गेले आणि ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

म्हणून पहिली खरेदी टीडीएस मीटरची. काचेवर जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य पायजे, 10 च्या आत असेल तर चालवून घेतात, त्याच्या वर गेलं की ठिपक्यांची भीती. मग तुमच्या कच्च्या पाण्याचा टीडीएस किती येतोय ते सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर मोजा. नळाला येणारं नदीचं पाणी बोअरपेक्षा बहुतेक वेळा हलकं असतं, पण पावसाळ्यात गढूळ आलं की सेडिमेंट फिल्टर लगेच तुंबतो, दोन जास्तीचे ठेवा. टीडीएस 100 च्या आत असेल तर नुसत्या डीआय रेझिनवर, म्हणजे पाण्यातले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांवर भागतं, त्याच्या वर असेल तर आधी आरओ आणि मग रेझिन. हिशोब असा, आरओ साधारण 95 टक्के क्षार काढतो, म्हणजे 500 चं पाणी 25 वर येतं, आणि तेवढंच रेझिन 20 पट जास्त चालतं. रेझिन महाग आहे, ते वाचलं तरच धंदा परवडतो. आरओच्या आधी कार्बन फिल्टर लागतोच, क्लोरीननं आरओचा मेंब्रेन, म्हणजे आतली गाळणारी जाळी, खराब होतो, आणि जड बोअर असेल तर सॉफ्टनरही बसवा. घरातला आरओ वापरू का असं विचारतात, नाही चालत, तो ताशी 12-15 लिटर देतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये चवीसाठी थोडे क्षार मुद्दाम ठेवलेले असतात.

आता किती पाणी लागतं बघा. मिनिटाला 2 लिटर धरलं आणि प्रत्यक्ष पाणी 4 तास चालू राहिलं तर 480 लिटर. तेवढंच किंवा जास्त आरओतनं वाया जातं, त्याचा गाड्या-फरशी धुवायला उपयोग करा. 500 लिटरची टाकी म्हणजे 500 किलो, वर पंप, बॅटरी, पोल आणि दोन माणसं, छोटा हत्ती असला तरी किती वजन झेपतंय ते कागदावर मांडा, आणि टाकी चांगली जखडा कारण ब्रेक मारला की आतलं पाणी पुढं धाव घेतं. पंप 12 व्होल्टचा डायफ्रामवाला, सोबत पाण्याचा वेग कमी-जास्त करणारा फ्लो कंट्रोलर, आणि 6 किंवा 8 एमएमचा बारीक पाइप 100 मीटर रीलवर. एवढं बास.

आणि आता पोल. आपल्याकडं घरांच्या खिडक्यांना बाहेरनं लोखंडी ग्रिल असतं, तिथं ब्रश काचेला टेकतच नाही, तेव्हा अपार्टमेंटच्या उंचीकडं बघून पोल घेऊ नका, तुमचं गिऱ्हाईक म्हणजे समोरनं उघडी काच असलेली दोन-तीन मजली बिल्डिंग. मजला 10 फूट धरा. 20-25 फुटांपर्यंत फायबरग्लास चालतो, त्याच्या वर तो वाकतो आणि खांदे भरून येतात, तिथं कार्बन फायबरच. दुकानात पोल पूर्ण उघडा, ब्रश आणि पाण्यानं भरलेला पाइप लावून दहा मिनिटं धरून बघा, हलका आहे का जड ते तेव्हाच कळतं. क्लॅम्प नीट बघा, आधी तेच झिजतात, ते सुटे मिळत नसतील तर तो पोल सोडा.

वायरींचं मात्र मनावर घ्या. कार्बन आणि अॅल्युमिनियम दोन्हीतनं करंट येतो, आणि ओला, मळलेला फायबरग्लासही भरवशाचा नाही. ज्या बाजूनं विजेच्या तारा जातात ती बाजू आम्ही घेतच नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणू दे.

ब्रश 12 इंचाच्या आसपासचा नायलॉन घ्या, चिकट मळाला डुकराच्या केसांचा चांगला. शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्रीची धूळ असते, तिथं आधी नुसतं पाणी मारून खरखरीत धूळ उतरवा आणि मगच ब्रश लावा, नाहीतर चरे पडतात. आणि पहिल्यांदा धुताना फ्रेममधला मळ निथळून खाली येतो, ती काच दोनदा धुवावी लागते, तेव्हा पहिल्या धुण्याचा रेट वेगळा सांगा. सिमेंटचे शिंतोडे आणि जुने पाण्याचे डाग पोलनं निघत नाहीत, तेही कामाच्या आधीच सांगून ठेवा.