भिगवणच्या नावेतून उडत्या पक्ष्यांचे फोटो कसे काढावेत

भिगवणला निघालेल्या माणसाला हमखास दोन सल्ले मिळतात. एक, मोठी लेन्स घे. दोन, ऑटो आयएसओवर ठेव (म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता कॅमेराच ठरवेल), बाकीचं कॅमेरा बघून घेईल. पहिला निम्मा खरा आहे. दुसरा उजनी धरणाच्या पाण्यावर साफ फसतो, आणि तो का फसतो हे समजून घेणं हेच इथलं खरं काम. उरलेलं सवयीने जमतं.

आधी सोप्या गोष्टी उरकू. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. पाऊस भरपूर झाला असेल आणि उजनीचा फुगवटा काठोकाठ असेल, तर रोहितसाठी (फ्लेमिंगोसाठी) डिसेंबरात धावू नका. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. पाणी उतरून दलदल उघडी पडली की ते येतात, म्हणून अशा वर्षी फेब्रुवारी-मार्च बरा. कुरव (गल), नदी सुरय (टर्न), चित्रबलाक, राखी बगळे एरवीही भेटतात. कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावरून नाव मिळते. ती आदल्या दिवशी ठरवा आणि सूर्योदयाला पाण्यावर असा. ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स पुरते. ट्रायपॉड घरी ठेवा, नावेत तो फक्त पाय अडकवायच्या कामाचा. लेन्स नावेच्या कडेवर टेकवायची असेल तर इंजिन बंद झाल्यावरच. चालू इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. बसायचं फळीवर नाही, नावेच्या तळाशी. डोळा पाण्याच्या जितका जवळ, तितकी मागची पार्श्वभूमी दूर जाते आणि धूसर होते.

नाव कुठे उभी करायची, हे नावाड्यावर सोडू नका. तो तुम्हाला पक्ष्याजवळ नेईल, कारण बहुतेकांना तेवढंच हवं असतं. तुम्हाला जवळिकीआधी दिशा हवी. पक्षी उतरताना आणि उडताना वाऱ्याला तोंड देतात. रोहितसारखा जड पक्षी तर पाण्यावरून धावत धावत वाऱ्याकडे तोंड करूनच उचलतो. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून येतात. वारा तुमच्या तोंडावर असेल तर दिवसभर शेपट्या मिळतात. सूर्यही पाठीशीच हवा. सकाळी पूर्वेचा वारा असेल तर दोन्ही आपोआप जुळतं: नाव थव्याच्या पूर्वेला न्यायची आणि थांबायचं. दोन्ही जुळत नसतील तर सूर्याला प्राधान्य द्या आणि पक्षी आडवे जाताना टिपा.

आता एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. इथले बरेच पक्षी पांढरे आहेत आणि बहुतेक फोटो इथेच वाया जातात.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर पक्षी पाहत नाही, चौकटीतला एकूण उजेड पाहतो, आणि तो मध्यम राखाडीपाशी आणायची धडपड करतो. कुरव गडद पाण्यासमोरून उडाला की मीटरला वाटतं अंधार आहे. तो एक्सपोजर वाढवतो आणि पक्ष्याचा पांढरा भाग कागदासारखा कोरा होतो. तोच कुरव पुढच्या क्षणी आकाशासमोर आला की मीटरला वाटतं उजेड फार झाला. तो एक्सपोजर कमी करतो आणि पक्षी मळकट करडा दिसतो. पक्ष्यावरचं ऊन दोन्ही वेळी तेच होतं. बदलली ती पार्श्वभूमी. ऑटो आयएसओमध्ये नेमकं हेच प्रत्येक फ्रेमला होत राहतं. 'कॉम्पेन्सेशन द्या' (मीटरच्या हिशेबात हाताने उजेड वाढवा-घटवा) हा सल्ला थांबलेल्या पक्ष्याला चालतो. उडणारा पक्षी पाणी, काठ आणि आकाश एकाच फेरीत ओलांडतो, त्यात तुम्ही डायल कुठल्या बाजूला फिरवणार?

म्हणून पूर्ण मॅन्युअल: शटर (किती वेळ उजेड घ्यायचा), ॲपर्चर (लेन्सचं छिद्र, एफच्या आकड्यात), आयएसओ तिन्ही हाताने. सुरुवात अशी करा. स्वच्छ, चढलेल्या उन्हात मध्यम छटेच्या पक्ष्याला आयएसओ ४००, एफ ८ आणि १/१६०० हे बरोबर बसतं. पांढऱ्या पक्ष्याला त्याहून एक स्टॉप कमी (निम्मा उजेड), म्हणजे बाकी तेच ठेवून १/३२००. लेन्स एफ ६.३ पर्यंत उघडत असेल तर १/३२०० कायम ठेवून आयएसओ २५० वर आणा. सूर्योदयानंतरच्या कोवळ्या उन्हात मात्र आयएसओ १००० ते १६०० लागेल. ऊन चढेल तसा तो खाली आणत जायचा. शटर १/१६०० च्या खाली नेऊ नका. रोहितला तेवढं पुरतं, सुरयच्या गिरक्यांना १/३२०० हवं.

हे आकडे फक्त सुरुवातीचे. पक्के करायचे ते उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या पांढऱ्या बगळ्यावर. हायलाइट वॉर्निंग (कोरा झालेला भाग स्क्रीनवर लुकलुकवणारी सोय) चालू ठेवा, एक फोटो काढा आणि पांढरा भाग लुकलुकतोय का पाहा. लुकलुकत असेल तर स्टॉपच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पायऱ्यांनी शटर जलद करा आणि लुकलुक थांबली की तिथेच थांबा. त्याहून उजेड कमी करू नका. 'सुरक्षित' म्हणून दोन स्टॉप कमी काढणारे लोक नंतर सावल्या उचलतात आणि पंखाखालचा भाग दाणेदार करून ठेवतात. स्क्रीनवरची वॉर्निंग जेपेगच्या हिशेबाने येते, त्यामुळे रॉमध्ये (सेन्सरच्या मूळ फाइलमध्ये) थोडी जागा शिल्लक असते. एखादा ठिपका लुकलुकला तर घाबरू नका. आख्खी पाठ लुकलुकली तर मात्र ते तपशील कुठल्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाहीत.

रोहितच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. पंख उघडले की आतला लाल-गुलाबी रंग दिसतो, आणि तिथे एकटा लाल चॅनल आधी भरतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक दाखवत असतो, आणि घरी आल्यावर पंखांच्या जागी एकसलग गुलाबी पट्टा सापडतो, पिसं गायब. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा आणि लाल उजव्या कडेला टेकू देऊ नका.

एक्सपोजर एकदा बसलं की हात लावायचा नाही. पाठीमागे काहीही येवो. दर दहा-पंधरा मिनिटांनी बगळ्यावर परत तपासणी, एवढंच. ढग ये-जा करत असतील तर उन्हाची सेटिंग एका कस्टम मोडमध्ये आणि सावलीची दुसऱ्यात साठवा, म्हणजे एका खटक्यात बदल होतो. पाणकावळा किंवा शराटीसारखा (आयबिस) काळा पक्षी आला तर एक्सपोजर स्टॉपभर वाढवा आणि लगेच परत या. परत यायचं विसरलात तर पुढचा सगळा थवा कोरा पांढरा.

फोकससाठी सतत फोकसचा मोड आणि पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती. आकाशासमोर फोकसचा मोठा झोन चालतो. पाण्यासमोर फोकस-बिंदूंचा छोटा गट घ्या, नाहीतर फोकस लाटांच्या चमकेला जाऊन चिकटतो. पक्षी आधी २०० मिलिमीटरवर शोधा, मग झूम करा. ६०० वर आकाश चाचपडत बसण्यात अर्थ नाही.

नावाड्याला सुरुवातीलाच सांगून ठेवा: 'दादा, थवा उडवायचा नाही.' बरेच पर्यटक उडवायला सांगतात, म्हणून तोही सवयीने नाव पुढे रेटतो. घाबरून उठलेला थवा नावेपासून लांब पळतो, म्हणजे पुन्हा शेपट्याच. डोकी पाण्यात घालून चरणारे रोहित एकदम माना वर करून एकाच दिशेला चालू लागले, की तुम्ही जरुरीपेक्षा जवळ आलात. इंजिन बंद, बांबूही पाण्याबाहेर, आणि थोडं मागे. पुन्हा डोकी खाली गेली की ते आपल्या सोयीने उडतील तेव्हा चांगला फोटो मिळेल. कुरवांना शेव-फरसाण टाकणं हाही असाच प्रकार. पक्षी जवळ येतात खरे, पण चोचीत शेव असलेला कुरव कुणाला दाखवायचा? शिवाय तळलेलं खारट खाणं त्यांच्या पोटाचं नाही.

साधारण साडेनऊ-दहानंतर हवा तापून थरथरू लागते. लांबचे पक्षी पाण्याखाली असल्यासारखे वाकडे-मऊ दिसतात. त्याला लेन्सचा दोष समजून दुकानात तपासणीला नेऊ नका. थंडीच्या पहाटेही, पाणी हवेपेक्षा कोमट असलं की हेच होतं. लेन्स कितीही महाग असो, या हवेतून दूरचं स्पष्ट येत नाही. पंचवीस-तीस मीटरच्या आतले पक्षीच घ्या, नाहीतर नाव काठाला लावा आणि चहा घ्या.

मार्चनंतर गेलात तर पाण्यातून वर आलेल्या वाळूच्या बेटांवर उतरू नका. नदी सुरय उघड्या वाळूवरच अंडी घालतात आणि ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. आई-बाप उठले की उन्हात अंडी भाजतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी विचलित करणं हे 'शिकार' या व्याख्येतच धरलेलं आहे. डोक्यावर सुरय ओरडत झेपा घेऊ लागले तर घरटं जवळ आहे; फोटो न काढता नाव वळवायला सांगा.